तेळं नव्हे, केळं

वडवणीच्या स्टँडवर फळांच्या गाड्यापाशी एक धिप्पाड माणूस पाच वर्षांच्या पोरीला लाडात विचारत होता, "तेळं पायजे का आरूला? तेळं?"

बीडच्या एसटीतून नुकतीच उतरलेली सुकन्या न राहवून थांबली. "तुम्हीच बोबडं बोललात, तर तिनं 'केळं' ऐकायचं कुणाकडून?"

"तुमी कोण?"

"बोबड्या मुलांना बोलायला शिकवते. दर मंगळवारी, इथं मागच्या गल्लीत."

पुढच्याच मंगळवारी तो माणूस, आदिनाथ, पुतणी आरोहीला घेऊन हजर! बसल्या बसल्या आरोहीनं सांगूनही टाकलं, "आमच्या ताताला बायतो न्हाई." तो कानापर्यंत लाल झाला.

सुकन्या तोंडापुढे कागद धरून 'कार' नाहीतर 'तार' म्हणायची. आरोहीनं ऐकून समोरच्या दोनपैकी त्या चित्रावर बोट ठेवायचं. आधी कान तयार होतो, मग जीभ, हे सुकन्यानं आदिनाथला दहादा सांगितलं. अकराव्यांदाही तो तितकंच मन लावून ऐकायचा... आणि असा बघायचा, की तीच पुढचं विसरायची.

पोरगी जूनमध्ये पहिलीत जाणार होती. छान चाललेलं असताना ती अचानक चुकू लागली. बोल म्हटलं की ओठ मिटून बसायची. एक मंगळवार, दुसरा, तिसरा. सुकन्याचा जीव थाऱ्यावर राहीना. आपलं लक्ष पोरीकडे होतं, की पोरीच्या काकाकडे? तिला स्वतःचीच लाज वाटली.

चौथ्या मंगळवारी ती म्हणाली, "पुण्याला दाखवा. माझ्याच्यानं होत नाही."

आदिनाथ चुळबुळला. "पुण्याला कावून? हितंच अजून दोन-चार म्हैने—"

"तिच्या शाळेचा प्रश्न आहे!"

चढलेल्या आवाजानं आरोही रडवेली झाली. "मला येतंय! काकाच म्हणले, बोलू नको, कार म्हणल्या की तारंवर बोट ठेव!"

काका. कार. स्वच्छ 'क'! सुकन्यानं तिला उचलूनच घेतलं, आणि मग त्याच्यावर भडकली. "लाज नाही वाटत?"

"लई वाटती. पण पोरगी बोलाय लागली, की मी हितं कोणत्या तोंडानं येऊ? तुमी... आवडता मला. म्हणायची हिंमत होईना, म्हणून—"

"म्हणून माझी तीन आठवडे झोप उडवलीत!" तिचे डोळे भरून आले, पण रागानं नव्हे. तिनं फाईल मिटली. "पुढच्या मंगळवारी यायचं नाही."

त्याचं तोंड एवढंसं झालं. आरोहीचा हात धरून तो दाराकडे वळला.

"रविवारी या," ती म्हणाली. "लिंबागणेशला, आमच्या घरी. बाबा असतात त्या दिवशी."