आधी तडा

मालवणात मेढ्यातल्या आमच्या घराची मागची खोली पूर्वी नारळ ठेवायला होती. लग्नाच्या फोटोंचा धंदा मोबाइलवाल्यांनी खाल्ल्यावर मी तिथे काळे पडदे लावले आणि वस्तू फोडायला लागलो. फुटण्याचा नेमका क्षण पकडलेले फोटो हॉटेलवाले भिंतीवर लावायला घेतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. अजून एकही कुणी घेतलेला नाही, पण नाद लागला तो लागलाच.

पद्धत साधी आहे. टेबलाला बसवलेल्या बेचकीचा नेम उजेडात लावायचा, मग दिवा घालवायचा. कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवायचं आणि बेचकीतून सायकलचा छर्रा सोडायचा. वस्तू फुटल्याचा आवाज झाला की त्या आवाजावर फ्लॅश आपोआप उडतो, आणि तेवढाच लखलखाट कॅमेऱ्यात उतरतो. माझी बायको शर्मिष्ठा बेचकी ओढायची. ती ओरोसला सरकारी कचेरीत कारकून. पण लहानपण कैऱ्या पाडण्यात गेलेलं, त्यामुळे नेम माझ्यापेक्षा सरस. टवके उडालेल्या कपबशा तिनेच काढून दिल्या.

"संसार मोडूचा काम बायकोकच लायलात!" ती हसत म्हणाली.

अंडी फुटली, बल्ब फुटले, सगळे फोटो ठाकठीक आले. बशीच्या फोटोत मात्र केस दिसला. काठापासून मध्यापर्यंत एक काळा, बारीक केस, आणि छर्रा बशीपासून अजून बोटभर लांब.

मी लेन्स पुसली. मग डोक्यात प्रकाश पडला आणि हात थांबला. फ्लॅश फुटण्याच्या आवाजाशिवाय उडत नाही. छर्रा लागलाच नव्हता, तर आवाज कसला झाला?

"कॅमेरो बिघडलो तुमचो," शर्मिष्ठा म्हणाली.

मलाही तेच हवं होतं. मी दुसरी बशी ठेवली आणि तिला सांगितलं, रबर नुसतं ओढून धर, सोडू नको. दिवा घालवला. अंधारात 'टक्' असा बारीक आवाज झाला आणि फ्लॅश उडाला.

दिवा लावला. बशी जागेवर होती आणि तिच्यावर केस होता. मी बोटाने पुसला, तो जाईना. नख फिरवलं तेव्हा नख अडकलं. तो तडा होता.

"सोडूक नाय हो मी! हो बघा, छर्रो हातातच आसा," असं म्हणत ती मला दाखवायला वळली, रबर निसटलं, आणि बशी बरोबर त्या रेघेवर दुभंगली.

त्याच दिवशी मी खोलीला कुलूप लावलं. सामान आवरायलाही आत थांबवेना. कॅमेरा, वायरी, सगळं तसंच चालू राहिलं.

पण ते त्या खोलीत राहिलं नाही. हॉलमधल्या घड्याळाच्या काचेवर केस दिसला. नख अडकलं. संध्याकाळी वाऱ्याने खिडकीचं दार आपटलं, घड्याळ खाली आलं आणि काच त्याच रेघेवर फुटली. मग लोणच्याची रिकामी बरणी. तिला मी कपाटात, चादरीत गुंडाळून ठेवली होती. चादर हवी म्हणून आमच्या लेकीने, ओवीने, ती ओढली. तडा आधी येतो आणि मार मागून येतो, पण तो चुकत नाही, एवढं मला कळलं. का, ते विचारू नका. मी फोटो काढणारा माणूस. दिसलं ते सांगतोय.

मग सोमवारी सकाळी खुंटीवर शर्मिष्ठाचं हेल्मेट दिसलं. समोरून, कपाळाच्या जागी, केस.

ती ओरोसला जायच्या घाईत होती, स्कूटरची चावी शोधत होती. चावी माझ्या मुठीत होती.

"आज जाव नको गो," मी म्हटलं.

"साहेबांची मीटिंग आसा. चावी देवा."

"शर्मिष्ठा, तुझ्या पाया पडतंय. जाव नको."

मी खरंच वाकलो. आयुष्यात कुणापुढे वाकलो नव्हतो. ती घाबरून मागे सरली. मला एकच सुचत होतं. मार यायचाच असेल तर तो आत्ता, इथे, माझ्या हातून येऊन संपून जाऊ दे. मी हेल्मेट अंगणात नेलं, पायरीवर ठेवलं आणि मसाल्याचा वरवंटा दोन्ही हातांनी वर उचलून घातला. पुन्हा घातला. फुटेपर्यंत घालत राहिलो.

ते रेघेवरच फुटलं.

"पिशे झालात काय तुम्ही?" ती रडत होती. मीही रडत होतो, पण आनंदाने. आलेला मार चुकवता येत नसेल, वळवता तर येतो!

ती गेली नाही. कचेरीत फोन करून रजा टाकली. मी दारं लावली, वरवंटा माडाखाली पुरला, भिंतीवरचं जड म्हणून जे होतं ते खाली काढलं. दुपारी तिघं जमिनीवर बसून पेज जेवलो. ओवीला शाळा बुडाल्याचा आनंद झाला होता. शर्मिष्ठा माझ्याशी बोलत नव्हती, पण तिने माझ्या ताटात लोणचं वाढलं. मला फार बरं वाटलं.

तेव्हा मागच्या खोलीच्या दाराखालून लख्खकन उजेड आला.

फ्लॅश उडाला होता. आम्हाला कुणालाच आवाज ऐकू आला नव्हता.

"वीज चमाकली," शर्मिष्ठा म्हणाली.

ओवी आईकडे बघत होती.

"आये, तुझ्या कपाळाक केस चिकाटलो आसा."

शर्मिष्ठाने डाव्या हाताने पुसला. भांगापासून भुवईपर्यंत, काळा, बारीक.

"गेलो?" तिने मला विचारलं.

मी जवळ सरकलो. तिचा चेहरा हातात धरला. पुसला. पुन्हा पुसला. तिला दुखत नव्हतं. माझ्या घाबरण्याचं तिला आता हसू येत होतं.

मी नख फिरवलं.

अडकलं.