लांब वायरचा बोर्ड

दुकानदाराने काउंटरवर तीन एक्स्टेन्शन बोर्ड ओळीने मांडले आणि म्हणाला, "ताई, डोळे मिटून कुठलाही उचला. तिन्ही सारखेच."

शेजारी श्रवणयंत्राचे बारके सेल घ्यायला आलेला एक उंच माणूस हलकेच खाकरला.

"सारखे नाहीत," तो म्हणाला.

तिने वळून पाहिलं. तो तिच्याकडे बघतच नव्हता. पहिला बोर्ड उलटा करून त्याच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचत होता. "हा फक्त सव्वाशे व्होल्टचा. जास्त दाबाच्या विजेवर लावलात तर पहिल्याच दिवशी धूर. परदेशातच नेताय ना?"

"हो. आठ महिने." तिला उगाचच बोलावंसं वाटलं. "फोन, लॅपटॉप, कॅमेरा, भिंगाचा दिवा... आणि खोलीत सॉकेट एकच आहे म्हणे."

"मग हे दोन बघा. दोन्ही शंभर ते दोनशे चाळीसपर्यंत चालतात, दोन्ही तळहाताएवढे. एकाची वायर आखूड आहे, एकाची लांब." आता त्याने मान वर केली. डोळे शांत होते, पण झोप कमी झालेल्या माणसाचे. "सॉकेट खोलीत कुठे आहे?"

"पलंगाशेजारच्या भिंतीत, जमिनीलगत. अभिलेखागाराच्या पत्रात लिहिलंय. त्यांचं अतिथिगृह आहे टेकडीवर. मी जुने नकाशे दुरुस्त करते."

त्याचा हात बोर्डावरच थांबला.

"हिरवा जिना? तिसऱ्या मजल्यावरची कडेची खोली?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"राहिलोय तिथे. अकरा दिवस." मग त्याने लांब वायरचा बोर्ड बाजूला सारला आणि आखूड वायरचा तिच्यापुढे ठेवला. "हा घ्या. पिशवीत गुंता होणार नाही. टेबल भिंतीला चिकटवून लावा, म्हणजे पुरेल."

तिने घेतला. एवढा बारकाईने सल्ला देणारा माणूस भेटला म्हणून खूशही झाली. पण ती कोपऱ्यापर्यंत पोचते न पोचते, तोच मागून धावत येणारी पावलं ऐकू आली. तोच होता. हातात लांब वायरचा बोर्ड, श्वास लागलेला.

"तो द्या मला. हा घ्या."

"का? आत्ताच तर—"

"चुकलं माझं. टेबल खिडकीशी न्या. त्या भिंतीपासून लांब बसा... विशेषतः चारच्या सुमारास."

"चार वाजता काय असतं?"

"थंडी."

"तिथल्या थंडीला घड्याळ कळतं?"

तो हसला. हसताना आधी त्याचे कान लाल झाले, मग ओठ हलले. त्याने दुकानाच्या पावतीमागे आपला नंबर लिहिला. "बोर्डाने त्रास दिला तर कळवा."

"तुम्ही काय इथून दुरुस्त करणार?"

"ऐकून सांगेन. मी लोकांचे कान तपासतो. ऐकणं हाच माझा धंदा."

बॅग भरताना आईने बोर्ड उलटासुलटा करून पाहिला. सगळी हकीकत ऐकली. "म्हणजे रस्त्यातल्या माणसाने दिलेला बोर्डही घेतलास आणि नंबरही?"

"बोर्ड चांगला आहे, आई."

"मी बोर्डाचं विचारलं नाही," आई म्हणाली आणि लोकरीचे मोजे कोंबायला लागली.

टेकडीवरचं अतिथिगृह चिरेबंदी होतं. हिवाळा लागलेला. दुपार सरता सरता उजेड असा ओसरायचा, की समोरची झाडं एकेक करून पुसली जात आहेत असं वाटावं. खोलीचं दार फुगलेलं होतं. खांदा लावल्याशिवाय उघडायचं नाही. लांब वायर पलंगाखालून फिरवून तिने टेबल खिडकीशी नेलं आणि कामाला बसली.

तिसऱ्या दिवशी टकटक झाली.

टक... टक... टक. पलंगाशेजारच्या भिंतीतून. सावकाश, बोटाच्या पेरांनी वाजवावी तशी. घड्याळात चार वाजले होते. शेजारचं कोणी असेल, असं म्हणून ती कामाला लागणार, एवढ्यात तिला आठवलं, की आपली खोली कडेची आहे. त्या भिंतीपलीकडे खोली नाही. खिडकी उघडून, कंबरेतून वाकून तिने बाहेर पाहिलं. नुसता दगड. ना पाइप, ना फांदी. खाली तीन मजले खोल पोकळी आणि धुकं.

तिने खिडकी लावून घेतली. तिने पावती शोधली.

"थंडीने आज दार वाजवलं," तिने लिहिलं. "म्हणजे भिंत."

दुसऱ्याच मिनिटाला फोन आला. "किती वेळा?" त्याने हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं.

"तीन."

"सावकाश की घाईघाईने?"

"सावकाश. तुम्हाला माहीत होतं?"

"मीही ऐकलंय. परतल्यावर माझेच कान तपासून घेतले. दोन्ही ठणठणीत. तुम्ही उलट वाजवू नका. आणि... उद्या चारला मी फोन करू? एकट्याने ऐकण्यापेक्षा..."

"करा," ती म्हणाली. "तुम्हाला तरी काय उद्योग आहेत?"

तेव्हापासून रोज चारला दहा मिनिटं असताना तिचा फोन वाजू लागला. त्याच्याकडे तेव्हा दवाखाना बंद करायची वेळ असायची. सुरुवातीला दोघं श्वास रोखून बसायची. टक, टक, टक व्हायची आणि दोघांचाही श्वास एकदम सुटायचा. मग गप्पा. तो सांगे, की ऐंशी वर्षांच्या एका आजोबांना यंत्र लावलं तर ते म्हणाले, काढा, बायको फार बोलते असं आत्ता कळलं. ती सांगे, की दीडशे वर्षांपूर्वीच्या नकाशावर कुणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल डाग आहे, आणि तिला तो पुसवत नाही.

"ठेवा तो," तो म्हणाला. "एखादं तळं म्हणून खपेल."

"आणि लोक शोधत गेले तर?"

"तर आपण दोघं काठावर उभे राहून हात करू."

ते 'आपण दोघं' तिने फोन ठेवल्यावरही मनात घोळवलं. भीती अजून होती. संध्याकाळी भिंतीकडे पाठ करून झोपायला तिला जमत नसे. पण साडेतीन वाजले की ती केस विंचरायची. फोनवर दिसत नाही, हे माहीत असूनही.

दीड महिना असाच गेला. मग एका सकाळी अतिथिगृह सांभाळणारी बाई चादरी बदलायला आली. पिकलेल्या केसांची, कमी बोलणारी. खिडकीपाशी टेबल पाहून ती थबकली.

"आधीचा माणूस भिंतीलाच लावायचा," ती म्हणाली. "नकाशेवाला. तुझ्यासारखाच, तुझ्याच देशाचा. इथेच गेला बिचारा. तापाने, भर दुपारी. धाकटा भाऊ निघाला होता, पण तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. सामान आवरायला म्हणून राहिला अकरा दिवस. अकराव्या दिवशी या जिन्यावरून असा पळाला... पायात बूटसुद्धा नव्हते. उंच होता. कानाचा डॉक्टर की काय."

बाई चादरी घेऊन गेली. ती तशीच उभी राहिली. अकरा दिवस. तिला सगळे फोन आठवले. टकटक व्हायच्या आधी त्याचं ते एकदम गप्प होणं आठवलं.

त्या दुपारी फोन वाजला तसा तिने पहिल्याच घंटेला उचलला.

"तुझा भाऊ होता ना तो?" ती म्हणाली. आजवर तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. राग आला आणि 'तुम्ही' गळून पडलं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "दादा."

"आणि टकटक?"

"लहानपणी आम्हाला दुपारी वेगवेगळ्या खोल्यांत झोपवायचे. चार वाजता उठायची परवानगी. बरोबर चारला दादा मधल्या भिंतीवर तीनदा वाजवायचा. म्हणजे, उठलास का? मी दोनदा वाजवायचो. उठलो. मग तो दार ढकलून यायचा आणि आम्ही खेळायला पळायचो. तिथे अकराही दिवस वाजलं. मी एकदाही उत्तर दिलं नाही. घाबरलो. माझ्याच दादाला घाबरलो."

"म्हणून मला आखूड वायरचा बोर्ड दिलास? मी भिंतीशी बसावं, तुझ्याऐवजी मी ऐकावं म्हणून?"

"हो. पण तुम्ही पाठ फिरवून चालायला लागलात आणि... मला ते बघवेना. म्हणून तर धावत आलो."

"एकच सांग. फोन माझ्यासाठी करत होतास की भिंतीसाठी?"

"पहिल्या दिवशी भिंतीसाठी," तो म्हणाला. खोटं बोलायला त्याला जमलंच नसतं बहुधा. "नंतर... नंतर कधी कधी फोन ठेवल्यावर लक्षात यायचं, की आज टकटक ऐकायचीच राहिली. तुम्ही बोलत होतात आणि मी तेवढंच ऐकत होतो. त्या रात्री मला झोप लागायची नाही. वाटायचं, दादा हाक मारतोय आणि मी कुणाच्या तरी चहाच्या डागावर हसतोय."

तेवढ्यात भिंतीतून आलं. टक... टक... टक.

तिने फोन ठेवला.

दहा दिवस ती बोलली नाही. फोन वाजायचा, वाजून थकायचा. चार वाजता मात्र ती काम सोडून त्या भिंतीपाशी जाऊन बसू लागली. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. भीती कुठे गेली कोण जाणे. आता त्या आवाजात तिला एक मुलगा ऐकू यायचा — दुपारची झोप संपायची वाट बघणारा, उत्तर न आल्याने गोंधळलेला. आठव्या दिवशी तिने हात उचलला. पेरं भिंतीला टेकलीसुद्धा. मग तिने हात मागे घेतला. हाक तिच्यासाठी नव्हती. उत्तर तिने कसं द्यावं?

आणि दहाव्या दिवशी टकटक इतकी क्षीण आली, की भिंतीला कान लावावा लागला. दोन नीट, तिसरी जेमतेम.

तिने लिहिलं, "आवाज कमी होतोय. ये."

उत्तर आलं, "निघतोच."

चौथ्या दिवशी साडेतीनला तो हिरव्या जिन्यावर उभा होता. दाढी वाढलेली, हातात एवढीशी बॅग. दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

"रागावली आहेस अजून?" त्याने विचारलं. त्याच्याही तोंडून 'तुम्ही' केव्हा गळलं, ते त्याला कळलं नाही.

"हो. पण ते नंतर. आत ये, वेळ होतेय."

तिने खांदा लावून दार घट्ट बंद केलं. दोघं पलंगाच्या कडेवर बसली. खिडकीबाहेर झाडं पुसली जाऊ लागली होती. खोलीत इतकी शांतता, की त्याचं गिळणं तिला ऐकू आलं.

चार वाजले. काही नाही.

एक मिनिट. दोन. त्याचा चेहरा पांढरा पडत चालला. "उशीर केला मी," तो पुटपुटला. "परत उशीर."

"थांब."

टक.

दगडाच्या फार आतून. टक. आणि मग इतक्या वेळाने, की दोघांनी आशा सोडली होती — टक.

त्याचा हात उचलला जाईना. तिने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला. बर्फासारखा गार होता. तिने काही वाजवलं नाही, ढकललंही नाही. नुसती ऊब दिली. मग त्याने हात सोडवून घेतला आणि भिंतीवर दोनदा वाजवलं.

"उठलो रे, दादा," तो म्हणाला.

खोलीतला गारठा एकदम दाट झाला. बाहेर जिन्याच्या फळ्या करकरल्या. कोणीतरी हलक्या पावलांनी, घाईने, दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर येत होतं. पावलं दाराशी थांबली. आणि ते दार, खांदा लावल्याशिवाय न उघडणारं ते फुगलेलं दार, अलगद, लहान पोराने पायाने ढकलावं तसं उघडलं.

दारात कोणी नव्हतं. रिकामा जिना आणि खालून येणारा उजेड.

तो रडला. लहान मुलासारखा, आवाज करून. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिथून उठून जावं असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता दोघं वाट बघत बसली. सव्वाचार झाले, साडेचार झाले. भिंत नुसती भिंत होती. अभिलेखागाराच्या आवारात कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ते ऐकू आलं.

"गेला," तो म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "आता मला फोन करायला काही कारण उरलं नाही."

"मग?"

"मग बिनकारणाचा करीन म्हणतो. रोज. चालेल?"

"नाही चालणार," ती म्हणाली. त्याचा चेहरा उतरला, तो तिने पुरता उतरू दिला. चौदा दिवसांचा राग कुठेतरी फेडायला हवा होता. "मला फोनवरचा नको. कान लाल झालेले दिसत नाहीत."

ते त्याच क्षणी लाल झाले. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि नेमका तिचा फोन वाजला. आई. रोज याच सुमाराला करायची. उचलताना तिला हसू आवरेना.

"काय गं, जेवतेस ना? आवाज असा का येतोय? कोण आहे तिथे?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग सरळ फोन त्याच्या हातात दिला. शेकडो माणसांच्या ऐकण्याची परीक्षा घेतलेला तो माणूस फोन कानाला लावून ठोकळ्यासारखा उभा राहिला.

"हॅलो? हॅलो?" आईचा आवाज खोलीभर आला. "कोण बोलतंय? ऐकू येतंय का?"

"सांग की," ती हळूच म्हणाली आणि त्याच्या दंडाला टेकून उभी राहिली.

"येतंय, आई," तो म्हणाला. "अगदी स्वच्छ येतंय."