फाटकावरचा लाल शर्ट

बाई फाटकाशी पोचल्या, तेव्हा आजारी मुलगी झाडावर बसून पेरू खात होती. खाली बनियनवर एक उंच तरुण उभा होता, कोपरापर्यंत साबणाचा फेस.

"ताप कोणाला आहे?" बाईंनी विचारलं.

"आत्तापर्यंत तरी... कोणालाच नव्हता," तो म्हणाला, आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

चूक त्याची नव्हती. त्या माळावर घरं मोजून अकरा, आणि एका घरची हाक दुसऱ्या घरी पोचणार नाही इतकी लांब. मधोमध शाळा : एक खोली, एक ओसरी, चौदा मुलं. मूल आजारी पडलं की घरचे फाटकावर लाल फडकं बांधायचे. ते ओसरीतून दिसायचं, आणि शाळा सुटली की बाई त्या दिवसाचा धडा घेऊन त्या घरी जायच्या. हा तरुण झाडावरच्या भिंगरीचा मामा. दाजींचा पाय मोडला म्हणून पेरणीला दोनच दिवसांपूर्वी आलेला. भिंगरीने ट्रॅक्टरवर बसायला शाळा बुडवली होती, आणि मामाने आपला लाल शर्ट धुऊन फाटकावर वाळत घातला होता.

सगळं कळल्यावर त्याने ओला शर्ट काढून बाईंच्या हातात दिला.

"तुमच्याकडेच ठेवा. माझ्याकडे राहिला, तर मी रोज वाळत घालीन."

बाईंना खरं तर रागवायचं होतं. पण पाठ वळल्यावर रस्ताभर त्या हसत राहिल्या.

दाजींचा पाय बरा झाला. मामाने शेजारचं शेत कसायला घेतलं आणि तो इथलाच झाला. शाळेची कौलं बदलायला, डुगडुगणारं बाक ठोकायला तो न बोलावता यायचा. चौदाही मुलं त्याला मामाच म्हणायची. एकदा त्यांच्या ओघात बाईही म्हणून गेल्या, "मामा, तो हातोडा..."

त्याने हातोडा खाली ठेवला. "चौदा भाचरं पुरेत मला. तुम्ही तेवढं मामा म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"विचार करून सांगतो."

त्याने काही सांगितलं नाही, आणि पुन्हा पेरणीचे दिवस आले. त्याच सुमारास बाईंना पत्र आलं. शहरातली मोठी शाळा, मुख्याध्यापिकेची जागा, उत्तर आठ दिवसांत हवं. भिंगरीच्या आईने डोळे पुसले. मामा मात्र बुटाचा चिखल खरवडत एवढंच म्हणाला, की तुमचं चांगलं होत असेल तर जावं.

सात संध्याकाळी बाईंनी वाट पाहिली. ट्रॅक्टर लांबच्या लांब फिरत राहिला.

आठव्या दिवशी सकाळी बाईंनी उत्तराचं पाकीट दुधाच्या गाडीवाल्याकडे दिलं. मधल्या सुट्टीत कपाट उघडलं, लाल शर्ट काढला आणि शाळेच्या खांबाला बांधला. शाळेवर लाल फडकं आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

दूरवर ट्रॅक्टर थांबला. मग तो दिसला — वाटेने नाही, पेरलेल्या वावरातून सरळ धावत. ज्या वावरात तो कोंबडीलाही पाय ठेवू देत नव्हता, त्यातून.

"कोणाला... काय झालं?" त्याला धाप लागली होती.

"कोणाला काही नाही. एक माणूस आठ दिवस बोलायचा राहिलाय. म्हटलं, विचारपूस करावी."

त्याने शर्टाकडे पाहिलं, मग बाईंकडे. ओसरीत चौदा डबे उघडे, पण कोणी खात नव्हतं.

"जा म्हणालो, ते खोटं होतं," तो म्हणाला. "तेव्हापासून एक ओळ सरळ पेरली गेली नाही माझ्याकडून. तुम्ही राहा... माझ्याबरोबर राहा."

"उत्तर तर सकाळीच गेलं."

त्याचा चेहरा उतरला. "काय लिहिलंत?"

"जायचं असतं, तर शर्ट इस्त्री करून परत पाठवला असता."

हे समजायला त्याला जरा वेळ लागला. भिंगरीला तेवढा धीर नव्हता.

"मामा, तू आजारी आहेस का रे?"

"आहे," बाईंवरची नजर न हलवता तो म्हणाला.

"मग बाई, आज धडा घेऊन आमच्या घरी याल ना?"

"येईन की," बाई म्हणाल्या. "पण आधी विचार त्यांना, मी काय म्हणायचं, ते ठरलं का?"

तो एक पायरी वर आला आणि त्याने आपलं नाव सांगितलं — हळूच, फक्त बाईंना ऐकू जाईल एवढंच.