साळूबाईचं मत

नळाला आज आठव्या दिवशी पाणी येणार होतं. कधी येईल त्याचा नेम नव्हता. रिकामे ड्रम ओळीनं लावून पोरं सांडूनानांभोवती बसली होती.

"नाना, ते मिलन बार बंद कसं पडलं हो?" सत्यमनं विचारलं.

"पडलं नाय रे, पाडलं. तिथल्या रामकिसननं मला सोता सांगितलंय. खोटं वाटत असंल तर आत्ताच घरी जा."

कुणी उठलं नाही. नाना सांगू लागले.

फुलंब्री रोडला वस्ती नव्हती तेव्हापासून मिलन होतं. आधी ट्रकवाल्यांसाठी चहाची टपरी. मग मागच्या खोलीत देशी. मग परमिट, रंगीत पाटी, आत एसीची खोली. घरं नंतर आली, आणि मिलननं घरटी एक माणूस वळता करून घेतला. मालक आप्पासाहेब. रामकिसन तिथं बावीस वर्षं वेटर. लोकांचे बाप त्यानं हाताला धरून रिक्षात बसवले. मग एका संध्याकाळी टेबलावर त्याचाच ऋतुराज येऊन बसला. रामकिसननं दिली नाही, तर दुसऱ्या वेटरनं दिली. चोविसाव्या वर्षी पोरगं गेलं.

पोराची आई साळूबाई. ती रडत बसली नाही. दारोदार फिरून तिनं बायांच्या सह्या गोळा केल्या, आडव्या बाटलीचं मतदान मागितलं. तारीख लागली, आणि महिनाभर आधी तीच गेली.

नियम असा, की निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर बार बंद. निम्म्या म्हणजे आलेल्या बायांच्या नव्हे, यादीतल्या. जी घरी बसली, ती बारच्या बाजूची. जी मेली पण नाव कटलं नाही, तीही बारच्याच बाजूची.

मतदानाची आदली रात्र. शनिवार, अकरा जानेवारी, साडेनऊ. आप्पासाहेबांनी रामकिसनकडं साड्यांची पिशवी आणि नावांची चिठ्ठी दिली.

"मत द्या म्हणू नको. उद्या घरी बसा, येवढंच म्हण." मग ते हसले. "तुझ्या साळूबाईला साडी नाय लागत. नाव यादीत हाय, अन् ती काय येत नाय. मेली अन् आपल्या बाजूला आली बघ!"

रामकिसनची कानशिलं तापली. पिशवी त्या तोंडावर हाणावी असं वाटलं. तोंडातून निघालं, "जी मालक." रस्ताभर तो त्या 'जी'वरच जळत राहिला.

पहिलं घर सरूबाईचं.

"आता तुम्ही काय सांगता? आत्ताच एक बाई सांगून गेली. सकाळी सातला शाळेत चला म्हणली."

"कोण बाई?"

"पदर ओढलेला व्हता. ओळखू नाय आली."

दुसऱ्या दारात गीताबाईनं साडी अंगणात भिरकावली. "पोरगं खाल्लं त्या बारनं, अन् तुम्ही त्याच्या साड्या वाटता? लाज वाटू द्या! ती बाई बरी. म्हणली, माझं गेलं, तुमचं तरी ठेवा."

रामकिसनला घाम फुटला. जानेवारीत.

तिसरी गोजरबाई. म्हातारी, डोळ्यांनी गेलेली.

"साळू येऊन गेली रे. पाणीबी नाय पिली. हात लई गार व्हते तिचे."

"आजी... साळू तर..."

"डोळे गेलेत माझे, कान नाय. ही काय, आत्ता निघाली. तुला दिसली नाय?"

गल्ली मोकळी होती. चांदणं होतं. कुणी नव्हतं.

पुढच्या घराची कडी वाजली. मग त्याच्या पुढची. जोरात. रामकिसन पळाला. दारं उघडत होती, बाया बाहेर डोकावत होत्या. समोर कुणी नाही. वळण. कडी. पुन्हा कडी...

शेवटची कडी वाजली ती त्याच्याच दाराची.

बाहेरून कुलूप होतं. कडी आतून वाजत होती.

"साळू?"

आवाज थांबला.

"चुकलं माझं..."

काही नाही.

"साळू..."

तो उंबऱ्यावर बसला. उजाडेपर्यंत तसाच.

"नाना..." श्रेयाचा आवाज बारीक झाला होता.

"गप. ऐक."

मोजणीला बारतर्फे आप्पासाहेबांनी रामकिसनलाच बसवलं. त्यांचा भरवशाचा माणूस तोच. यादीत बाया बाराशे चार. बंदीला सहाशे तीन मतं पाहिजेत. निवडणुकीच्या साहेबांनी दोनदा मोजली. आडवी बाटली, सहाशे दोन.

एक मतपत्रिका बाजूला काढली होती.

"हिच्यावर शिक्का नाही. बोटाचा ठसा उठवलाय. आडव्या बाटलीवर," साहेब म्हणाले. "बारतर्फे कोण? हरकत आहे?"

"हरकत घे रे!" खिडकीतून आप्पासाहेब ओरडले.

रामकिसननं बावीस वर्षांत पहिल्यांदा मालकाच्या डोळ्याला डोळा दिला.

"हरकत नाय."

"रामकिसन! माजला का रे?"

"व्हय, माजलो. हरकत नाय, साहेब. मोजा."

साहेबांनी पत्रिका गठ्ठ्यावर ठेवली. सहाशे तीन. मग ते आपली बोटं एकमेकांवर चोळत बघू लागले. बोटं लाल झाली होती.

रामकिसननं तो रंग ओळखला. साळू सवाष्ण गेली, म्हणून तिच्या कपाळभर मळवट त्यानंच भरला होता.

शेवटचं मत पडून तीन तास झाले होते. पेटीला सील होतं.

कुंकू अजून ओलं होतं.