फाटकापर्यंत येणारी अनु

हे लिहू की नको, या विचारात माझं एक वर्ष गेलं.

भुताच्या गोष्टी आमच्या घरी कधी कुणी सांगितल्या नाहीत. आम्ही ख्रिस्ती माणसं. मेलेला माणूस प्रभूजवळ विसावतो, तो गल्लीत फिरत नाही, हेच लहानपणापासून ऐकत आले.

तरीही हे घडलं.

माझ्या सख्ख्या मावशीच्या घरी, रायपूरला, समता कॉलनीत. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, एका गुरुवारी. आणि रात्री वगैरे नाही... चांगलं संध्याकाळी, गॅसवर चहा उकळत असताना.

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. मलाही तसं समजता आलं असतं तर बरं झालं असतं.

माझी विनोदिनी मावशी म्हणजे आमच्या चर्चमधलं मोठं नाव. शाळेत मुख्याध्यापिका होती. काका लवकर वारले, तिनं एकटीनं मुलगी वाढवली. दर गुरुवारी तिच्या हॉलमध्ये बायकांची प्रार्थनासभा भरायची. कुणाचा पोट्टा प्यायला लागला, कुणाचा संसार मोडायला आला, की लोक पाद्री साहेबांच्या आधी मावशीकडे यायचे. ती डोळे मिटून प्रार्थना करायला लागली की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

अनुश्री तिची एकुलती एक मुलगी. मी तिची मावसबहीण, यामिनी. मी मोठी, म्हणून ती मला दीदी म्हणायची.

अनुचं लग्न मावशीनंच जमवलं. मुलगा पियुष, रायपूरजवळच उरल्याला एका कारखान्यात सुपरवायझर. चर्चमध्ये गिटार वाजवायचा. गोड बोलायचा.

आणि घरी मारायचा.

पहिल्यांदा अनु माहेरी आली तेव्हा तिचा ओठ फाटलेला होता. मावशीनं मलम लावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सकाळी स्वतः ऑटोत बसवून परत पाठवली.

"लग्न देवानं जोडलं, आपण तोडणारे कोण?" मला म्हणाली. "सहन केलं की माणूस बदलते, यामिनी. मी किती घरं वाचवली, तुले माहीत आहे ना?"

दुसऱ्यांदा अनु आली ती एका गुरुवारी. आत सभा चालू होती, बायका गीत म्हणत होत्या. मावशीनं खिडकीतून पाहिलं. फाटकाशी अनु उभी. हातात तिची निळी ट्रॉली बॅग.

मावशी बाहेर गेली. घराचं दार मागे ओढून घेतलं, आतल्यांना दिसू नये म्हणून. फाटक उघडलंच नाही.

हे सगळं मला मावशीनंच नंतर सांगितलं. एकेक शब्द.

"आई, मले आत येऊ दे," अनु म्हणाली. "बस आज के दिन."

"आत पूर्ण मंडळी बसली आहे. काय सांगू त्यायले? ज्या बाईकडे सारे संसार सावरायला येतात, तिची पोट्टी घर सोडून आली म्हणू?"

"आई, तो मारून टाकेल मला."

"असं अभद्र बोलू नये. प्रार्थना कर. जा आता, तुझं घर ते आहे."

अनु थोडा वेळ उभी राहिली. मग बॅग वळवली. त्या बॅगेचं एक चाक तुटलेलं होतं. गल्लीच्या फरशीवरून तिचा आवाज लांबपर्यंत येत राहिला.

मावशी आत आली. तिनं पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. आत येऊन तिनं त्या दिवसाचा पाठ घेतला. विषय होता दया.

पुढच्या महिन्यात उरल्याहून फोन आला.

बाथरूममध्ये घसरली म्हणाले.

मी अनुला शेवटची अंघोळ घालणाऱ्यांत होते. तिच्या दंडांवर बोटांचे डाग होते. घसरून तसे डाग पडत नाहीत.

कब्रस्तानात मावशी रडली नाही. शेवटचं गीत तिनंच सुरू केलं. लोक एकमेकांना म्हणत होते, "विश्वास असावा तर असा!"

पोलीस केस झाली. पण पियुषचे वडील चर्चचे जुने पंच. घराघरांतून एकच सूर निघाला... झालं ते झालं, मंडळीची बदनामी नको. मावशीनंही जबाबात काही सांगितलं नाही. तिला काही माहीतच नव्हतं, असं लिहून दिलं.

नोव्हेंबरात तिनं गुरुवारची सभा पुन्हा सुरू केली.

त्या दिवशी मी मदतीला गेले होते. मी आणि कामाला येणाऱ्या अंजनाबाई, दोघी स्वयंपाकघरात चहा करत होतो. हॉलमधून मावशीची प्रार्थना ऐकू येत होती. तोच आवाज. तसाच भरलेला, तसाच सुंदर.

तेवढ्यात बाहेर गल्लीत...

खर्रर्र... टक.

खर्रर्र... टक.

अंजनाबाईंचा कप धुणारा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दीदी... ये तो अनु बिटिया के बेग आय."

"काहीतरीच काय!" मी म्हटलं.

कारण ती बॅग तेव्हा पोलिसांच्या ताब्यात होती.

खर्रर्र... टक.

आवाज जवळ आला. शेजारच्या घरासमोरून पुढे सरकला. मग आमच्या फाटकाशी आला आणि...

थांबला.

हॉलमध्ये मावशी म्हणत होती, "हे प्रभू, तुझ्या दारी आलेल्या कोणालाही तू परत पाठवत नाहीस..."

आणि तिचा आवाज तिथंच तुटला.

पुढचा शब्द आलाच नाही. कुणी डोळे उघडेना.

मग मावशी उठून धावली. अनवाणी. मी तिच्या मागे.

फाटकाशी कुणी नव्हतं.

गल्ली रिकामी. चांगला उजेड होता. समोरच्या क्लिनिकबाहेर दोन माणसं मोबाईल पाहत बसली होती. त्यांनी मान वर केली नाही.

आणि तेव्हा, आमच्या डोळ्यांसमोर, अगदी दोन हातांवर... तो आवाज वळला.

खर्रर्र... टक.

दिसत काहीच नव्हतं. आवाज मात्र फरशीवरून हळूहळू लांब जात होता. आम्ही तो जाताना नुसता ऐकत राहिलो. कोपऱ्यावर तो संपला.

आमच्याकडे वारं फिरलं की उरल्याच्या कारखान्यांची काळी धूळ येते. सकाळी झाडलं तरी संध्याकाळी फरशीवर पातळ थर असतो. मी खाली पाहिलं.

त्या थरात एक रेघ होती. फाटकापर्यंत आलेली आणि वळून परत गेलेली. एकाच चाकाची.

बाजूला पावलं मात्र नव्हती.

मावशी खाली बसली. त्या रेघेवर हात ठेवायला गेली आणि मध्येच थांबली. पुसली जाईल म्हणून.

बायका दारात गोळा झाल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "विनोदिनी दीदी, आत चला. शैतान परीक्षा घेतो विश्वासणाऱ्यांची."

मावशीनं मान वर केली. तिचा तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता.

"मी ख्रिस्ती आहो का गं?" तिनं विचारलं.

"हे काय विचारणं झालं दीदी? तुमच्यासारखी..."

"नाही, सांगा मले. मी गीतं म्हणते, प्रार्थना करते, तुमाले शिकवते. माझी पोट्टी इथं, या फाटकाशी उभी होती. मारून टाकेल म्हणत होती. आन् मी तिले हाकललं. तुमी आत बसल्या होत्या म्हणून हाकललं. तुमच्यासमोर माझी मान खाली जाईल म्हणून. सांगा आता. मी कोणासारखं वागले?"

एकीनं चपला घातल्या. मग दुसरीनं. चहा तसाच राहिला.

त्या रविवारी उपासनेत, साक्ष देण्याच्या वेळी, मावशी उभी राहिली. मी तिच्या शेजारी होते. तिनं अनुचा ओठ सांगितला, ऑटो सांगितला, फाटक सांगितलं. पोलिसांना खोटं लिहून दिलं तेही सांगितलं.

"पियुषनं मारलं," ती म्हणाली. "पण त्याच्या हातात नेऊन मी दिलं. दोनदा दिलं."

पियुषचे वडील उठून बाहेर गेले. त्यांच्या मागे अर्धी मंडळी गेली. पाद्री साहेबांनी घाईघाईनं गीताचा नंबर सांगितला.

सोमवारी मावशी ठाण्यात गेली आणि नवा जबाब दिला. केस पुन्हा उभी राहिली. पियुष आज आत आहे.

पण मावशीकडे येणं लोकांनी बंद केलं. गुरुवारची सभा संपली. रस्त्यात "जय मसीह की" म्हणणारे नजर चुकवू लागले.

तिच्याकडे येत राहिलं ते एकच.

दर गुरुवारी. चहाच्या वेळेला.

खर्रर्र... टक.

फाटकापर्यंत यायचं, थांबायचं आणि परत जायचं.

मावशी आधी फाटक सताड उघडं ठेवू लागली. आवाज उघड्या फाटकाशी थांबायचा. आत यायचा नाही.

मग तिनं वेल्डर बोलावून फाटक मुळापासून कापून काढलं. शेजाऱ्यांना वाटलं, बाई दुःखानं वेडी झाली. फाटकाच्या जागी नुसते दोन खांब राहिले.

आवाज त्या खांबांशी येऊन थांबला... आणि परत गेला.

मावशी दर गुरुवारी दुपारपासून पायरीवर बसून राहायची. आवाज आला की उठायची. दोन्ही हात पुढे करायची.

"अनु, ये माय. ये आत. कोणी नाही घरात. मी फक्त. ये ना बेटा."

आवाज वळायचा.

याच काळात भनपुरीची एक बाई, नवऱ्यानं हाकललेली, लेकराला घेऊन तिच्याकडे आली. कुणीतरी पत्ता दिला होता. मावशीनं काही न विचारता तिला अनुची खोली दिली. नंतर आणखी एक आली. मावशी त्यांच्यासाठी भात रांधते, कोर्टात त्यांच्यासोबत जाते. प्रार्थना करते का, मला माहीत नाही. मोठ्यानं करताना तरी मी तिला पुन्हा ऐकलं नाही.

मी एकदा म्हटलं, "मावशी, तू आता किती करतेस. देवानं तुला क्षमा केली असेल."

"देवाचं मी पाहून घेईन," ती म्हणाली. "तिनं कुठं केली?"

आता शेवटचं सांगते. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मावशीचा फोन आला. आवाज खूप थकलेला.

"यामिनी, या गुरुवारी येशील का? तू बोलावून पाह्य तिले. तुझं ऐकायची ती."

मला जायचं नव्हतं. खरंच भीती वाटत होती. पण मावशीनं आयुष्यात माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं.

मी गेले.

आम्ही दोघी खांबांपाशी उभ्या राहिलो. मावशीनं माझा हात घट्ट धरला होता. ऊन उतरलं. अनुच्या खोलीतल्या बाईनं लेकराला आत नेलं.

मग कोपऱ्यावरून...

खर्रर्र... टक.

आवाज आमच्यासमोर येऊन थांबला. इतका जवळ, की हात लांब केला असता तर...

"अनु," मावशी म्हणाली. "अनु, ये ना माय. चुकलं माझं. ये."

आवाज वळायला लागला. मावशीनं माझा हात दाबला.

"अनु!" मी ओरडले. "थांब. मी आहे, दीदी."

आवाज थांबला.

तिकडे क्लिनिकसमोर कुणीतरी गाडी सुरू केली, ती निघून गेली. मग सगळं शांत झालं. इतकं शांत, की मावशीचा श्वास मला ऐकू येत होता.

आणि माझ्या उजव्या कानाशी... अगदी कानाशी... धाप लागल्यासारखा, हळू, नेहमीचा तिचा आवाज आला.

"दीदी... आई घरी नाही ना?"

मी मान वळवली.

मावशी माझ्या डाव्या बाजूला उभी होती. माझा हात सोडून, दोन्ही हात पुढे करून. रिकाम्या गल्लीला सांगत होती, "ये बेटा, मी इथंच आहो. हे पाह्य, इथंच आहो."

तिनं काही ऐकलं नव्हतं.

थोड्या वेळानं चाक पुन्हा फिरलं. खर्रर्र... टक. कोपऱ्यापर्यंत.

मावशी माझ्याकडे वळली. तिचे डोळे चमकत होते. कित्येक महिन्यांनी चमकत होते.

"थांबली होती ना? तुझ्या हाकेनं थांबली! काही बोलली का गं?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हटलं. "काही नाही बोलली."

"नसू दे. थांबली तर." तिनं पदरानं तोंड पुसलं. "येईल. हळूहळू येईल. तू पुढच्या गुरुवारी पण येजो."

मी हो म्हटलं.

त्यानंतर मी गेलेले नाही. दर बुधवारी मावशीचा फोन येतो, आणि मी काही ना काही कारण सांगते. ती कधी रागावत नाही. म्हणते, "बरं, मग पुढच्या वेळी."

तिला खरं सांगावं, तर ती गुरुवारी घर सोडून कुठंतरी जाऊन बसेल. पोरीला आत येता यावं म्हणून. हे मला पक्कं माहीत आहे.

आणि मग मावशी नसलेल्या त्या घरात अनु आत येईल का...

आज गुरुवार आहे. चार वाजून गेलेत. मावशी पायरीवर येऊन बसली असेल.