फाटा मोकळा!

हिवाळ्यात तोबिकुरा जंक्शनवर दुपारी चारलाच दिवे लागत, बर्फच तसं. सहायक स्टेशनमास्तर मोरोझुमी फलाटाच्या टोकाला उभा होता. चार-दहाच्या गाडीनं त्याची बायको शिझुनो माहेराहून परतणार होती.

"आज दाढी अगदी गुळगुळीत, साहेब!" जेवणाचे डबे विकणारी ओतात्सु म्हणाली. "बाई येणार म्हणून?"

"तू तुझा भात सांभाळ. दगड झालाय त्याचा."

गाडी येण्याआधी मार्गाकडे बोट रोखायचं आणि तो मोकळा असल्याची मोठ्यानं हाक द्यायची, ही तिथल्या रेल्वेची शिस्त. सव्वीस वर्षं मोरोझुमी आधी मुख्य मार्गाकडे बोट करी, मग डावीकडे खाणीला जाणाऱ्या फाट्याकडे. फाटा उन्हाळ्यात बंद झाला, रूळसुद्धा उखडून नेले. पण दुकान विकलं तरी म्हाताऱ्याचा हात गल्ल्याकडे जातोच.

"मुख्य मार्ग मोकळा!" बोट आपसूक डावीकडे वळलं. "फाटा मोकळा!"

ओतात्सुचा चेहरा उतरला. "साहेब... काय बोललात हे?"

चाळीस वर्षांपूर्वी त्या फाट्यावर, बोगद्याच्या तोंडाशी, एक गाडी याच हाकेची वाट बघत थांबली होती. हाक गेली नाही. वरून बर्फाचा कडा कोसळला. एकतीस माणसं गेली. आता फाट्यावर ही हाक ऐकायला तेवढीच गाडी उरली होती.

डोंगरातून शिट्टी ऐकू आली. लांबलचक, ओली. मग कोळशाच्या धुराचा वास... कोळशाची इंजिनं जाऊन पाच वर्षं झाली होती.

उजवीकडे चार-दहाचा दिवा दिसू लागला. डावीकडे, रूळ नसलेल्या बर्फात, धापा टाकत काहीतरी उतरत होतं. दोन्ही वाटा फलाटासमोरच मिळत होत्या.

मोरोझुमीनं चार-दहाकडे पाठ करून लाल कंदील फाट्याकडे धरला. "थांबा! फाटा बंद! थांबा हो..."

धापा मंदावल्या. थांबल्या.

चार-दहा सुखरूप लागली. शिझुनो उतरली ती डावीकडेच बघत.

"अहो, त्या बिचाऱ्यांना का अडवलंत?"

"कुणाला?"

"त्या गाडीतल्यांना. काचा पुसून पुसून तुमच्याकडेच बघतायत..."

मोरोझुमीला समोर नुसतं बर्फ दिसत होतं. तरी त्यानं कंदील खाली केला नाही.

निवृत्त होऊन आता नऊ वर्षं झाली, तरी रोज चारला तो कंदील घेऊन तिथं उभा असतो. नवे स्टेशनमास्तर हसतात. "आजोबा, तिकडून आता कुठली गाडी?"

ओतात्सु हसत नाही. फाट्याच्या बर्फात चाकांच्या दोन रेघा उमटतात, दर हिवाळ्यात हातभर पुढे सरकलेल्या. यंदा त्या फलाटाला टेकल्या आहेत.