समाजमंदिराचं गाऱ्हाणं

समाजमंदिराचा नारळ फुटला त्या दिवशी सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होता आणि एकच माणूस गप्प उभा होता. नेमका माझ्या शेजारी.

माझे बाबा, भिकाजी गावकार, गावचे मानकरी. देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. “बा देवा म्हाराजा, सरकार निम्मे पैसे देता, निम्मा काम गाव अंगमेहनतीन उचलता. ह्या घराक यश दी रे म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा,” गाव गरजला. शेजारचा मात्र हातातली मापाची फीत गुंडाळत राहिला. डोक्यावरची वाळूची टोपली सावरत मी त्याच्याकडे वळले.

“तोंडात सुपारी आसा काय?”

“मला म्हणताय?”

“तुमकाच. गाऱ्हाण्याक कोण व्हय म्हणाक नाय, तर ता देवाक पोचत नाय. काम अडकला तर तुमच्या नावान.”

तो हसला. “मी जयराम माने, सांगोल्याचा. आमच्याकडे नारळ फोडतात आणि जेवायला बसतात.”

म्हणजे काम बघायला सरकारने पाठवलेला ओव्हरसियर तो हाच. इतका तरणा असेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. टोपली एकाएकी जड वाटायला लागली, तरी ती ठेवायचं मला सुचेना. नजर लपवायला मी खाली चुन्याने मारलेल्या रेघा बघितल्या.

“ह्या दार खंय उघडतला?”

“पश्चिमेला. समुद्राचा वारा येईल.”

“आणि पाऊस? आमच्याकडे तो आडवो येता. आषाढात तुमचो समाज भितुर पोहत बसतलो.”

त्याने समुद्राकडे बघितलं, रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे... आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ. पंधरा दिवसांनी रत्नागिरीहून लेखी परवानगी आणून त्याने दार पूर्वेला फिरवलं. माझ्या शब्दाने सरकार वळलं, याचा ताठा मला दिवाळीपर्यंत पुरला.

मला ते समाजमंदिर हवंच होतं. देवळाच्या मंडपात पुरुष बसत. आम्हा बायकांना विहिरीचा काठ. आता शिवणवर्ग निघणार होता, रेडिओ येणार होता. म्हणून खाडीवरून वाळू आणायला मी सगळ्यांच्या पुढे, आणि माझ्या मागे सुभद्राकाकी धरून पंधरा जणी. जयराम वाटेवर उभा राहून रोज त्याच एका कोपऱ्याचं माप घ्यायचा.

“तुम्ही टोपली ओतलीत की माझी रेघ पुसली जाते,” एकदा म्हणाला.

“मगे रेघ दुसरीकडे मारा.”

“मारली असती. पण तुम्ही टोपली इथेच ओतता ना...”

सुभद्राकाकी मागून खोकली. तिला खोकला वगैरे काही नव्हता.

माघात चिऱ्याच्या भिंती पुऱ्या झाल्या, कौलं चढली. “आता जमिनीचा भराव तेवढा राहिला,” तो सहज बोलून गेला. “तो झाला की मी बांद्याला. तिथेही समाजमंदिर मंजूर झालंय.”

झालं. दुसऱ्या दिवसापासून माझे पाय उचलेनात. मी हळू चालले की मागच्या पंधरा जणी हळू. बाबा म्हणाले, “तुमच्या पायात काटो मोडलो काय गो?” खरं सांगायचं तर मला स्वतःची लाज वाटत होती.

मार्च संपायला आठ दिवस उरले, तेव्हा जयराम खाडीवरच आला. बाकीच्या पुढे गेल्या होत्या.

“नर्मदाबाई, एकतीस तारखेच्या आत गावाचा वाटा पुरा झाला नाही, तर सरकारचे राहिलेले पैसे परत जातील. तुमच्या बायकांना झालंय तरी काय?”

“बायकांक काय एक नाय झाला.”

“मग?”

“माका झाला...” मी वाळूकडे बघत म्हटलं. “भराव झालो की तुमी जातलास.”

बोलून गेले आणि कानशिलं तापली. त्याने वाकून ओंजळीओंजळीने माझी टोपली भरली आणि उचलून माझ्या डोक्यावर ठेवली. त्याची बोटं कपाळाला लागली.

“भराव करा,” तो हळूच म्हणाला. “बाकीचं मी बघतो.”

“काय बघतलास?”

“आधी भराव.”

त्याच्या या दोन शब्दांच्या उत्तराचा मला भयंकर राग आला. त्या रागातच आम्ही सोळा जणींनी पाच दिवसांत जमीन भरली. शेवटची टोपली मी ओतली. डोळ्यांत आलेलं पाणी घामात खपून गेलं.

तीस तारखेला सकाळी वरचे साहेब येऊन माप घेऊन गेले. गावाचा वाटा पुरा निघाला. बाबांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं आणि या खेपेला जयरामने सगळ्यांच्या आधी ‘व्हय म्हाराजा’ ठोकून दिलं. लोक हसले आणि पंगतीला गेले. मी आत एकटी चटया गुंडाळत बसले. पूर्वेच्या दारात तो उभा राहिला. हातात ट्रंक.

“एक गाऱ्हाणं राहिलंय,” म्हणाला.

“देवळात जावन घाला.”

“इथंच घालतो. चुकलं तर हसू नका.” त्याने बाबांसारखेच हात जोडले. “बा देवा म्हाराजा... सांगोल्याचो एक पोर बांद्याक जाता. चैत्रात तेची आई भिकाजी गावकारांच्या घराक येतली. नर्मदेक मागणी घालतली. तिका कोणी नाय म्हणू नये... रे म्हाराजा.”

आणि थांबला. गाऱ्हाण्याला व्हय म्हणणारं तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. त्याला ठाऊक होतं, व्हय नाही आलं तर ते पोचत नाही. मीच शिकवलं होतं त्याला.

माझ्या हातातली चटई सुटली.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. हळू म्हणायचं होतं, पण आवाज कसा कोण जाणे खणखणीत निघाला.

बाहेर बाबा पंगतीत भात वाढत होते. ‘म्हाराजा’ कानावर पडल्यावर मानकऱ्याची जीभ थोडीच थांबते. हातातला डाव तसाच धरून सवयीने तेही म्हणाले, “व्हय म्हाराजा.” आणि त्यांच्यामागून अख्खी पंगत.

आपण कशाला होकार दिला, हे बाबांना चैत्रात जयरामची आई दारात आल्यावर कळलं. रागावून त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग सुभद्राकाकीकडे. काकी खोकली. मग बाबा खाली बसले आणि म्हणाले, “आता काय करतलंय... सगळ्या गावासमोर व्हय म्हणान बसलंय.”